प्रॉक्टर नवरा-बायको: शेवट बदलायचा तर गाठ कुठली सोडायची?

तिसरी घंटा

आर्थर मिलरच्या 'द क्रूसिबल'ची, म्हणजे १६९२ च्या सेलममधल्या चेटकाच्या खटल्यांवरच्या नाटकाची, चर्चा सुरू झाली की ती दोन मिनिटांत मॅकार्थीवर (१९५० च्या दशकातल्या अमेरिकेतल्या कम्युनिस्टविरोधी चौकश्यांवर) जाते आणि तिथेच बसते. हा धागा फक्त जॉन आणि एलिझाबेथ प्रॉक्टर या जोडप्यापुरता. त्यांचं दुसरं काय होऊ शकलं असतं?

अट एकच. शेवट बदलायचा असेल तर त्याच्या आधी संहितेत कुठे आणि काय बदलावं लागेल ते सांगायचं. "तो वाचला असता तर बरं झालं असतं" हे सगळ्यांनाच वाटतं, त्याने प्रवेश उभा राहत नाही.

संहितेत मला चार गाठी दिसतात.

१) दुसरा अंक, प्रॉक्टरचं घर. ॲबिगेल, म्हणजे लफड्यामुळे कामावरून काढलेली त्यांची मोलकरीण आणि आता गावावर चेटकाचे आरोप करणारी मुलगी, जॉनकडे बोलून गेली आहे की हा सगळा चेटकाचा प्रकार नाही. हे कोर्टाला जाऊन सांग, असं एलिझाबेथ म्हणते. तो टाळतो, आणि बोलण्याच्या ओघात कळतं की ते बोलणं झालं तेव्हा दोघंच होते.

२) तिसरा अंक. आता एलिझाबेथही चेटकाच्या आरोपाखाली तुरुंगात आहे, आणि मुली खोटं बोलतात अशी तक्रार घेऊन प्रॉक्टर कोर्टात आला आहे. न्यायाधीश डॅनफर्थ सांगतो की तुझी बायको पोटुशी असल्याचं म्हणते, तिला बाळंत होईपर्यंत हात लावणार नाही, तक्रार मागे घेतोस का? प्रॉक्टर नाही म्हणतो.

३) तोच अंक. प्रॉक्टर व्यभिचार कबूल करतो. एलिझाबेथला बोलावतात. तुझा नवरा बाहेरख्याली आहे का? ती 'नाही' म्हणते. आयुष्यातलं एकमेव खोटं.

४) चौथा अंक. प्रॉक्टरची चेटकाची तोंडी कबुली, मग सही, मग कागद फाडणं आणि फाशी.

सगळ्यांची उडी तिसऱ्या गाठीवर पडते. ती खरंच एवढी पक्की आहे का, हा माझा प्रश्न.

विंगेतून

तिसऱ्या गाठीबद्दल आधी प्रवेशाची बांधणी पाहू, कारण 'ती हो म्हणाली असती तर' यातलं अर्धं उत्तर तिथेच आहे.

डॅनफर्थ प्रॉक्टर आणि ॲबिगेल दोघांनाही पाठ करून उभं करतो. एलिझाबेथने फक्त त्याच्याकडे बघायचं. त्याचा पहिला प्रश्न 'लफडं होतं का' हा नसतोच, तो विचारतो मुलीला कामावरून का काढलंस. आणि इथे ती बरंच काही सांगून टाकते: शेवटच्या बाळंतपणानंतर ती आजारी होती, नवऱ्याचं मन आपल्यावरून उडतंय असं वाटलं, ती मुलगी दिसली. म्हणजे तीन-चतुर्थांश सत्य कोर्टासमोर आलेलं आहे. शहाण्या न्यायाधीशाला एवढं पुरलं असतं. डॅनफर्थला 'हो' किंवा 'नाही' हवं असतं, म्हणून तो शेवटचा प्रश्न टाकतो.

तेव्हा ती 'हो' म्हणाली असं धरा. पुढे काय राहतं? मेरी वॉरन, प्रॉक्टरांची आताची मोलकरीण आणि मुलींचं सोंग उघड करायला आलेली साक्षीदार, अजून खोलीतच आहे. ॲबिगेलला आढ्याला पक्षी दिसायचा तो दिसणारच, उलट आता जास्त लवकर दिसेल, कारण ती कोंडीत सापडली आहे. मेरी त्या पक्ष्याच्या सोंगापुढे मोडते आणि प्रॉक्टरवर उलटते, एलिझाबेथच्या उत्तरामुळे मोडत नाही. म्हणजे 'हो'ने प्रॉक्टरची अटक फार तर दोन पानं पुढे जाते.

बदलायचंच असेल तर 'नाही'च्या जागी 'हो' घालण्यापेक्षा मेरीला त्या वेळी खोलीबाहेर काढा. तिला शेजारच्या खोलीत नोंद करायला पाठवलं, एवढ्या एका हालचालीने अंक उलटतो.

वकिली चष्मा

विंगेतून यांच्याशी सहमत, पण कायद्याच्या बाजूने आणखी एक खिळा मारतो.

प्रॉक्टर आपलं नाव मातीत घालून जे कबूल करतो त्याची त्या काळच्या मॅसॅच्युसेट्समध्ये किंमत किती? वसाहतीच्या १६४१ च्या कायद्यात व्यभिचाराला देहदंड होता, पण व्याख्या अशी की बाई दुसऱ्याची बायको किंवा वाग्दत्त वधू असली पाहिजे. पुरुष विवाहित आहे की नाही याला त्यात महत्त्व नाही. त्या कायद्याखाली १६४४ मध्ये दोघांना फाशीही झाली होती. ॲबिगेल अविवाहित. म्हणजे कायद्याच्या भाषेत प्रॉक्टरचा गुन्हा देहदंडाच्या खालचा, दंड किंवा फटके याच्या घरातला. पापाच्या हिशोबात तो मोठा, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, पण फासावर चढवणारा नाही.

म्हणून 'हो' आलं असतं तर दुसरा न्यायाधीश हॅथॉर्न काय म्हणाला असता हे सहज लिहिता येतं: साक्षीदार मुलगी चारित्र्याने वाईट ठरली, पण त्यामुळे तिला दिसलेलं चेटूक खोटं कसं ठरतं? आणि डॅनफर्थने स्वतः सांगितलेलं आहे की तुरुंगात चारशेच्या आसपास माणसं आहेत आणि बहात्तर जणांच्या फाशीवर त्याची सही आहे. एका मोलकरणीच्या लफड्यावर बहात्तर सह्या परत घेणारा माणूस त्या खुर्चीवर बसलेला नाही.

काजळमाया

एवढी चिरफाड कशाला? त्याने कागद फाडला म्हणून ते नाटक आहे. वाचला तर ती कौटुंबिक मालिका.

तिसरी घंटा

काजळमाया, 'वाचला' आणि 'सुखाने नांदला' यात फरक आहे. वाचलेला माणूस कसा वाचला, त्याची किंमत कोणी मोजली, हेही नाटकच.

सोळाशे ब्याण्णव

इथे खऱ्या प्रॉक्टरांना आणायलाच हवं, कारण यातले जवळजवळ सगळे 'दुसरे शेवट' त्याच वर्षी दुसऱ्या कुठल्या ना कुठल्या जोडप्याच्या वाट्याला आलेले आहेत. कल्पना लढवायची गरजच नाही.

आधी फरक. नाटकातला प्रॉक्टर पस्तिशीतला, खरा साठीचा. एलिझाबेथ त्याची तिसरी बायको, चाळिशीची, लग्न १६७४ चं. इप्सविच रस्त्यावर त्यांची शेती आणि खानावळ होती, तिथे प्यायलाही मिळे. ॲबिगेल विल्यम्स अकरा-बारा वर्षांची, आणि ती प्रॉक्टरांकडे कामाला नव्हतीच. मोलकरीण होती ती मेरी वॉरन. लफडं हा सर्वस्वी मिलरचा शोध. डॅनफर्थ हा उपगव्हर्नर. ११ एप्रिलला एलिझाबेथची चौकशी झाली तेव्हा तो हजर होता आणि त्याच दिवशी जॉनवरही आरोप झाले. पण फाशा देणाऱ्या विशेष कोर्टाचा मुख्य तो नव्हे, विल्यम स्टॉटन.

आता कॅलेंडर.

१० जून: १ फाशी.
१९ जुलै: ५.
१९ ऑगस्ट: ५, त्यांत जॉन प्रॉक्टर.
२२ सप्टेंबर: ८. या शेवटच्या.
२९ ऑक्टोबर: गव्हर्नर फिप्सने विशेष कोर्ट बरखास्त केलं.

जॉनची फाशी आणि कोर्टाचा शेवट यांत ७१ दिवस. नाटकात मिलरने त्याला शेवटच्या तुकडीत, रिबेका नर्सबरोबर नेलंय. (आधी बारा गेलेले, त्या सकाळी सात. बेरीज बरोबर एकोणीस येते.) तो हिशोब धरला तर अंतर ३७ दिवसांचं. जानेवारी १६९३ पासून नवीन कोर्टात 'आरोपीची छाया येऊन मला छळते' ही साक्ष चालेनाशी झाली, आणि बहुतेक आरोपी सुटले.

म्हणून मला वाटतं, सगळ्यात मोठी गाठ दुसरी. सेलममध्ये खरं बोलून कोणी सुटलं नाही. ज्याला वेळ मिळाला तो सुटला.

पिंपळपान

पोटुशी असल्याचा दावा म्हणजे माफी नव्हे, हे नाटक बघताना पुष्कळांच्या लक्षात येत नाही. इंग्लिश कायद्यात फाशी फक्त बाळंतपणापर्यंत पुढे जाई. मूल झालं की आईला न्यायचं. एलिझाबेथला २७ जानेवारी १६९३ ला मुलगा झाला, नाव जॉनच ठेवलं. आणि नियमाप्रमाणे स्टॉटनने तिच्यासह आधी शिक्षा झालेल्यांच्या फाशीचे हुकूम काढलेही होते. फिप्सने ते तहकूब केले, तेव्हा स्टॉटन रागाने कोर्टातून उठून गेला. मे महिन्यात ती सुटली.

तेव्हा डॅनफर्थचा देकार प्रॉक्टरने घेतला असता तर? नाटकात एलिझाबेथचं असंही काही बिघडत नाही, तिला ते महिने मिळतातच. फरक पडला असता तो जॉनला. तक्रार मागे घेऊन तो घरी गेला असता, आणि गाइल्स कोरी व फ्रान्सिस नर्स या शेजाऱ्यांच्या पकडलेल्या बायकांना त्याने वाऱ्यावर सोडलं असतं. हा शेवट रंगवायचा तर तिसऱ्या अंकात गाइल्स आणि फ्रान्सिस त्याच्या दोन्ही बाजूंना उभे पाहिजेत आणि त्याचा होकार त्यांनी ऐकला पाहिजे. चौथ्या अंकात त्याला तुरुंगात नाही, स्वतःच्या शेतात दाखवा. नांगरणी वेळेवर झालेली आहे. त्याच्या बांधावरून फ्रान्सिस एकटा जातो, वर बघत नाही.

विंगेतून

पिंपळपान, हा शेवट चांगलाच क्रूर आहे. पण त्याला दुसऱ्या अंकात पेरणी लागेल. आत्ताच्या संहितेत गाइल्स आणि फ्रान्सिस त्याच्या घरी आपापल्या बायकांना पकडल्याची खबर घेऊन येतात, आणि तेवढ्यात एलिझाबेथसाठी वॉरंट येतं. तो क्रम उलटा करा. त्यांनी आधी त्याच्याकडून शब्द घ्यायला हवा, मग वॉरंट. दिलेला शब्द मोडला तरच प्रेक्षकाला टोचेल.

शिडाची होडी

पळून जाणं कोणीच काढलं नाही अजून? १९९६ च्या चित्रपटात, ज्याची पटकथा मिलरचीच, ॲबिगेल तुरुंगात प्रॉक्टरला होडीतून पळायचं सुचवते आणि तो झिडकारतो. म्हणजे खुद्द लेखकालाही ही फट दिसत होती.

सोळाशे ब्याण्णव

पळालेली जोडपी आहेत. चार्ल्सटाउनचा नॅथॅनिएल कॅरी आणि त्याची बायको, तिचंही नाव एलिझाबेथच. तिला मे महिन्यात पकडलं. नवऱ्याने धडपड करून तिला केंब्रिजच्या तुरुंगात हलवून घेतलं, तर तिथे तिच्या पायांत सुमारे आठ पौंडांच्या बेड्या घातल्या आणि तिला झटके येऊ लागले. मग त्याने सेलमला जाऊन खटले कसे चालतात ते स्वतः पाहिलं. छायेची साक्ष ग्राह्य धरतात हे बघितल्यावर कायद्याचा नाद सोडला आणि ३० जुलैला बायकोला बाहेर काढलं. आधी ऱ्होड आयलंड, मग न्यूयॉर्क. फिलिप आणि मेरी इंग्लिश हे दुसरं जोडपं, तो सेलमचा श्रीमंत व्यापारी, तेही न्यूयॉर्कला गेले. एडवर्ड आणि सारा बिशप हे तिसरं.

पण पळायला पैसा लागतो, ओळखी लागतात, आणि दोघांपैकी एकजण बाहेर मोकळा असेल तर काम सोपं होतं. प्रॉक्टर दोघंही आत. नाटकात पळवायचं तर वेळ एकच: दुसऱ्या अंकाच्या शेवटापासून तिसऱ्याच्या सुरुवातीपर्यंत, ती आत आणि तो बाहेर असताना. नेमकं त्याच जागी मिलरने जंगलातला प्रवेश लिहिला होता, प्रॉक्टर रात्री ॲबिगेलला गाठून दम देतो तो. बहुतेक प्रयोगांत तो गाळतात. त्याच फटीत त्याला ॲबिगेलकडे न धाडता तुरुंगाच्या रखवालदाराकडे धाडा.

नेपथ्यवाल्यांसाठी: आठ पौंड म्हणजे साडेतीन किलोच्या वर. प्लास्टिकच्या साखळ्या वापरल्या तर नटीची चाल खोटी दिसते. निदान एका पायात खरं वजन द्या.

वकिली चष्मा

कबुलीचं काय? 'सही केली असती तर सुटला असता' हे गृहीत धरून सगळे बोलतात.

सोळाशे ब्याण्णव

अर्धं खरं. कबुली दिली त्यांना १६९२ मध्ये फासावर चढवलं नाही, कारण त्यांच्या तोंडून पुढची नावं हवी होती. पण कबुली मागे घेतली की संपलं. सॅम्युएल वॉर्डवेल, अँडोव्हरचा. कबूल झाला, मग कोर्टापुढे फिरला, २२ सप्टेंबरला फाशी. नाटकातल्या फाडलेल्या कागदाच्या सगळ्यात जवळचा माणूस हाच.

उलट उदाहरण डॉर्कस होअर या बेव्हर्लीच्या बाईचं. तिला २२ सप्टेंबरच्याच तुकडीत जायचं होतं. आदल्या दिवशी तिने कबुली दिली, आणि चौघांनी लिहून मागितलं की हिला पश्चात्तापासाठी महिनाभर द्या. त्या चौघांत एक कोण? जॉन हेल. होय, नाटकातला तोच पाद्री. महिना मिळाला, महिन्यात कोर्ट गेलं, बाई जगली.

आणि खुद्द जॉन प्रॉक्टर? रॉबर्ट कॅलेफने १७०० मध्ये छापलेल्या हकिगतीत आहे की फाशीच्या वेळी त्याने कळवळून थोडी मुदत मागितली, मरायला माझी तयारी झालेली नाही म्हणून. दिली नाही.

तिसरी घंटा

हे वाचून थांबलोच. म्हणजे चौथ्या अंकात हेल डॅनफर्थकडे फाशी पुढे ढकलायला सांगतो आणि डॅनफर्थ म्हणतो आता ढकललं तर माझी चूक दिसेल, तिथेच दार आहे. कागद, सही, नाव हे सगळं त्यानंतरचं.

आराखडा असा. हेलने पुढे ढकलायची मागणी तोंडी न करता लेखी करायची, वर आणखी तीन सह्या. डॅनफर्थला कागद कळतात, रडणं कळत नाही, हे तिसऱ्या अंकात ९१ सह्यांचा अर्ज पुढे येतो तेव्हाच प्रस्थापित झालेलं आहे. तो एक महिना देतो, अट अशी की प्रॉक्टरने तोंडी कबूल व्हावं, लेखी एक महिन्याने. प्रॉक्टर तोंडी 'हो' म्हणतो. रिबेका त्याच्यासमोर फासाकडे जाते. पडदा इथे पाडायचा नाही. पाचवा अंक: घर.

खलबत्ता

पाचव्या अंकाला रंगमंचावरची प्रॉपर्टी मी देतो. कॅलेफच्याच हकिगतीत शेरीफ प्रॉक्टरांच्या घरी जप्तीला येतो, आणि हे जॉनला शिक्षा होण्याच्या आधीच. गुरं काही अर्ध्या किमतीत विकली, काही कापून वेस्ट इंडीजला पाठवायला खारवली. पिंपातली बिअर ओतून देऊन पिंप नेलं. भांड्यातला रस्सा ओतून देऊन भांडं नेलं. पोरांना काही ठेवलं नाही.

आता दुसऱ्या अंकाची सुरुवात आठवा. प्रॉक्टर शेतावरून येतो, खोलीत कोणी नाही. चुलीवरच्या भांड्यातलं चाखतो, पसंत पडत नाही, चिमूटभर मीठ घालतो. मग एलिझाबेथ वाढते तेव्हा छान झालंय म्हणतो. जोडप्याचं सगळं दुखणं त्या चिमटीत आहे. पाचव्या अंकात तोच माणूस त्याच चुलीपाशी येतो आणि आकड्याला भांडं नाही. संवाद नको.

भांडं बिडाचं, कडीचं, चुलीवर लटकवलेलं हवं, पाच-सहा लिटरचं तरी, म्हणजे शेवटच्या रांगेतून त्याची गैरहजेरी दिसेल. ॲल्युमिनियमचं पातेलं काळं रंगवून ठेवलं तर आकड्याला अडकवताना आवाज पत्र्याचा येतो आणि दुसरा अंक तिथेच पडतो. आत वाफेसाठी गरम पाणी पुरे, रस्सा नको; नट खरंच चाखतो आणि पुढच्या ओळीला ठसका लागतो.

काजळमाया

बरं, भांड्याचं मानलं. पण बायको कुठाय? तुमच्या पाचव्या अंकात ती तुरुंगातच आहे, जानेवारीपर्यंत.

पिंपळपान

मेपर्यंत. आणि सुटल्यावरही खर्च भरल्याशिवाय सोडत नसत. तुरुंगातलं खाणं, राहणं, बेड्या, सगळ्याचे पैसे कैद्याकडून, निर्दोष ठरला तरी. तेव्हा पाचव्या अंकात जॉनचं काम पैसे जमवणं हेच. गुरं गेलेली, पिंप गेलेलं. विकायला जमीन उरते, आणि नाटकात तर टॉमस पुटनम जमिनीवर टपलेलाच आहे.

जुनी वही

सगळे कबुलीच्या कागदाभोवती फिरताहात. खऱ्या जोडप्यात भांडणाचा कागद वेगळाच होता, आणि तो जास्त नाट्यमय आहे.

जॉनने फाशीआधी मृत्युपत्र केलं. त्यात एलिझाबेथला काहीही नाही. का, याची दोन कारणं संभवतात: तिलाही फाशीची शिक्षा झालेली, म्हणजे ती कायद्याने मेलेलीच, किंवा आधीच्या बायकांच्या मुलांचा दाब. ती सुटून आली तेव्हा तिच्या हाती काही नव्हतं. १६९६ मध्ये तिने जनरल कोर्टाकडे, म्हणजे वसाहतीच्या विधिमंडळाकडे, अर्ज केला. त्यात ती म्हणते की त्या अंधाराच्या काळात कोणीतरी मृत्युपत्र रचून माझ्या नवऱ्यापुढे सहीला आणलं, आणि लग्नाआधी माझ्याशी झालेल्या लेखी कराराची त्यात दखलच नाही. शिवाय कायद्याने ती मृत, म्हणून तिला कोणी काही देणं लागत नाही असं घरचेच म्हणत होते. १६९७ मध्ये तिला तिचा वाटा मिळण्याची वाट मोकळी झाली. १६९९ मध्ये तिने लिनच्या डॅनियल रिचर्ड्सशी लग्न केलं. १७११ मध्ये वसाहतीने भरपाई दिली; एकूण ५७८ पौंड १२ शिलिंग, त्यांत 'जॉन प्रॉक्टर आणि पत्नी' या नावाने १५०.

मिलरचा प्रॉक्टर सही केलेला कागद द्यायला नकार देऊन मरतो. खऱ्या प्रॉक्टरची तुरुंगातली सही, बायकोच्या म्हणण्याप्रमाणे, दुसऱ्याने पुढे केलेल्या कागदावर झाली, आणि त्या सहीने तिला घराबाहेर काढलं.

वकिली चष्मा

जुनी वही, साष्टांग. आणि यामुळे एक व्यवहारी अडचणही सुटते.

मिलर २००५ साली गेले. संहितेवर हक्क चालू आहे आणि बरीच वर्षं चालू राहील. भाषांतराला परवानगी लागते, प्रयोगाला लागते, शेवट बदलायला तर हमखास लागते आणि ती सहसा मिळत नाही. १९८० च्या दशकात न्यूयॉर्कच्या वूस्टर ग्रुपने आपल्या प्रयोगात 'क्रूसिबल'चे तुकडे वापरले, मिलरनी वकिलामार्फत हरकत घेतली आणि शेवटी त्यांना प्रयोग बंद करावा लागला. आपल्याकडे रंगभूमी प्रयोग परीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र हातात आलं की सगळं झालं असं समजतात. मूळ लेखकाच्या हक्काशी त्याचा संबंध नाही.

पण १६९२ ची माणसं, चौकशीची कागदपत्रं, कॅलेफची हकिगत कोणाच्या मालकीची नाहीत. त्यावर स्वतंत्र नाटक लिहा. फक्त मिलरने घातलेलं घ्यायचं नाही: ॲबिगेलशी लफडं, 'नाही' म्हणणारी साक्ष, फाडलेला कागद. ॲबिगेलच्या पोटातून निघालेली सुई आणि प्रॉक्टरांच्या घरात सापडलेली बाहुली यांची जुळणीही त्याचीच. मीठ घालायचा प्रसंगही त्याचा. खलबत्ता, भांडं ठेवा, चिमूट सोडा.

खलबत्ता

चिमूट सोडली. रस्सा ओततानाचा आवाज मला पुरतो.

विंगेतून

लफडं काढलं तर मोलकरीण मालकिणीवर का उलटते? त्याशिवाय पहिला अंक हलणार नाही.

सोळाशे ब्याण्णव

मेरी वॉरन. तिला झटके येऊ लागले तेव्हा जॉनने तिला चरख्याला बसवलं आणि पुन्हा झटका आला तर झोडपीन म्हणाला. झटके थांबले. तो बाहेरगावी गेला, परत सुरू झाले. मग बरी झाल्यावर एप्रिलच्या सुरुवातीला तिने प्रार्थनाघराच्या दारात आभाराची चिठ्ठी लावली. गावाला तेच खुपलं, कारण एकजण बरी झाली म्हणजे बाकीच्याही होऊ शकतात. पुढे ती म्हणाली की बाकीच्या मुली सोंग करतात. लगेच तिच्यावरच आरोप आला, आणि ती फिरली.

लफड्याची गरज नाही. वीस वर्षांची मुलगी, साठीचा खानावळवाला, घरात मालकाचा शब्द आणि छडी. पहिल्या अंकाला एवढं इंधन पुष्कळ झालं.

तिसरी घंटा

मग कागदांवरच नाटक बांधू. चार कागद, चार अंक.

पहिला, मेरीची चिठ्ठी, दारावर. दुसरा, जॉनचं २३ जुलैचं पत्र: बॉस्टनच्या पाद्र्यांना, खटला बॉस्टनला हलवा किंवा न्यायाधीश बदला म्हणून; त्यात मुलांना मान आणि टाचा एकत्र बांधून, नाकातून रक्त यायची वेळ येईपर्यंत ठेवल्याचं लिहिलंय, त्यांत त्याचा स्वतःचा मुलगा. तिसरा, मृत्युपत्र. चौथा, एलिझाबेथचा १६९६ चा अर्ज.

पर्यायी शेवट तिसऱ्या अंकात बसतो. कोणीतरी मृत्युपत्र पुढे करतं. जॉन विचारतो, हिचं नाव कुठाय? इथून दोन वाटा. सही केली, तर चौथा अंक तिचा एकटीचा. सही नाही केली, आधी तिला विचारून येतो म्हणाला, तर मधल्या भिंतीपलीकडून दोघांचं बोलणं. मग तिला ठरवावं लागेल: आपण मेलेलं धरून मुलांना मिळू द्यायचं, की आपण जगणार आहोत हे म्हणायचं धाडस करायचं.

पिंपळपान

भिंतीपलीकडचं बोलणं तुम्ही-आम्हीत नको. इंग्रजीत ती त्याला 'जॉन' म्हणते आणि मिलरची भाषा मुद्दाम जुनाट, खेडवळ आहे. मराठीत त्याचं पटकन 'अहो, ऐकलंत का' होतं आणि सगळं माजघरात येऊन पडतं. पाद्री, न्यायाधीश यांना 'आपण'. शेजाऱ्यांत 'प्रॉक्टरबाई', 'नर्सबाई'. नवरा-बायकोत दोन्हीकडून 'तू', पण चारचौघांत तिने त्याला हाकच मारू नये. भिंतीआडून पहिल्यांदा 'जॉन' म्हणेल.

काजळमाया

आणि ती काय म्हणेल? धाडस की मुलांना मिळू द्यायचं?

जुनी वही

ती पोटुशी आहे हे विसरू नका. 'मुलं' म्हटलं की जॉनच्या डोळ्यापुढे आधीच्या बायकांचीही येतात. तिच्या पोटातलं अजून कोणाच्याच कागदावर नाही. ती करार मागेल. लग्नाआधीचा लेखी करार घरात कुठे ठेवलाय ते त्याला विचारेल, आणि शेरीफने नेलेल्या सामानात तो गेला का, हे दोघांपैकी कोणालाच माहीत नसेल.

खलबत्ता

पिंपात ठेवला असेल तर?

तिसरी घंटा

रिकाम्या पिंपात. बिअरचं पिंप पहिल्या अंकात भरलेलं दाखवलं की हे जाईल. मग कराराची जागा दुसरी शोधू. पिठाच्या डब्याखाली?

विंगेतून

पेटीत ठेवा, कुलूपवाल्या. शेरीफ पेटी नेतो, किल्ली एलिझाबेथच्या कमरेला राहते. चौथ्या अंकात अर्ज वाचताना तिच्या हातात तीच.